चेहरा पानाच्या आत

श्रीरंग तोडकरांनी उभ्या आयुष्यात कुणाचं वाईट केलं नव्हतं. त्याचं मुख्य कारण, त्यांना सवड मिळाली नव्हती. बत्तीस वर्षं ते आटपळच्या बाजारपेठेत डीटीपीचं दुकान चालवत होते. बारशापासून तेराव्यापर्यंत माणसाला लागणारा सगळा मजकूर त्यांच्या संगणकात तयार असे. फक्त नाव बदलायचं. एकदा ते घाईत बदलायचं राहिलं आणि एका हयात सरपंचांना गावानं दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली. सरपंचही उभे राहिले. बसून राहणं त्यांना बरं दिसलं नाही.

२०४२ साली मजकूर जुळवण्याच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. तोडकरांना नव्या आवृत्त्यांचा कंटाळा होता. दर खेपेला बटणांची जागा बदलायची आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, तोडकरांचं वय झालं. पण या खेपेला 'चित्र फिरवा' या यादीत एक नवीन ओळ होती. आधी डावीकडे, उजवीकडे, उलटं आणि आरशासारखं एवढंच होतं. आता खाली लिहिलं होतं : पाठीमागून.

तोडकरांनी समोर उघडी असलेली एकसष्टीची पत्रिका घेतली आणि ती ओळ दाबली. सत्कारमूर्तीच्या डोक्यावर एक गोल बाण आला. तो माऊसनं धरून ओढला, तसे सत्कारमूर्ती सावकाश वळले. आधी कानशील आलं, मग मानेवरची वळी, मग पाठ. पाठीपलीकडे फोटोग्राफर उभा होता. त्याच्या मागे सत्कारमूर्तींच्या पत्नी मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या.

"अगं इंदू, हे बघ!" तोडकर ओरडले. दुकान घराला लागूनच होतं.

इंदुमतीबाई पदराला हात पुसत आल्या आणि बघत राहिल्या. "अहो, या बाई फोटोत नव्हत्या ना?"

"नव्हत्या. पण खोलीत होत्या."

यातलं शास्त्र तसं सोपं आहे. दिव्याचा उजेड काही सरळ कॅमेऱ्यात येऊन बसत नाही. तो भिंतीवर आपटतो, तिथून कुणाच्या शर्टावर, शर्टावरून स्टीलच्या तांब्यावर, तांब्यावरून नाकाच्या शेंड्यावर, आणि मग दमूनभागून कॅमेऱ्यात शिरतो. वाटेत ज्याला ज्याला शिवला त्याचा थोडाथोडा रंग बरोबर घेऊन येतो. लाल साडीशेजारी उभ्या माणसाचा पांढरा सदरा किंचित गुलाबी दिसतो, तो म्हणूनच. माणसाच्या डोळ्याला हे कळत नाही, कारण त्याचं लक्ष साडीकडे असतं. यंत्राला कळतं. फोटोतल्या लाखो ठिपक्यांपैकी प्रत्येकातला उजेड कुठून कुठून हिंडून आला असेल, याचा माग ते उलट्या वाटेनं काढतं आणि न दिसलेली खोली उभी करतं. फोटोत चष्मा, बुबुळ किंवा घासलेलं भांडं असेल, तर मग बोलायलाच नको. त्या चकाकत्या ठिपक्यात कॅमेऱ्यामागची अख्खी खोली घडी घालून ठेवलेली असते. यंत्र ती घडी उलगडतं.

पहिल्या महिन्यात आटपळात तीन साखरपुडे मोडले. मुलाच्या परिचयपत्रातला बंगला फिरवला की बंगल्याचा पडदा निघायचा आणि पडद्यामागे स्टुडिओवाल्याची सायकल. आमदारांच्या विराट सभेचा फोटो कुणीतरी फिरवला, तर विराट बाजू समोर होती तेवढीच निघाली. इंदुमतीबाईंनी स्वतःच्या लग्नाचा फोटो फिरवून घेतला आणि विचारलं, "मी हार घालत होते, तेव्हा तुम्ही कुणाकडे बघत होता?"

"पंगतीकडे," तोडकर म्हणाले. फोटो पुरा फिरवल्यावर तिथे खरोखरच जिलेबीचं ताट निघालं, म्हणून तो संसार टिकला.

एका सकाळी तोडकरांची धाकटी बहीण रंजना दुकानात आली. तिनं खुर्चीवरचे कागद बाजूला केले, बसली आणि म्हणाली, "दादा, तुझ्याकडे शीतगृहाच्या स्मरणिकेची फाइल आहे ना अजून?"

तोडकरांच्या हातातला चहा तसाच राहिला.

चौदा वर्षांपूर्वी गावाबाहेर अमृतवल्ली बेदाणा शीतगृह उभं राहिलं होतं. बेदाणा थंड ठेवायला अमोनिया वायू लागतो. तो यंत्रघरातून नळांनी खेळवतात. यंत्रघरात समोरासमोरच्या दोन भिंतींवर वायू सोडणारी दोन चाकं होती. उजवं चाक उघडायचं होतं. डाव्या चाकाचा नळ बेदाणा निवडण्याच्या खोलीकडे जात होता आणि त्याचं जोडकाम अजून अपुरं होतं. त्याला हात लावायचा नव्हता. तरीही उद्घाटनाच्या मुहूर्तासाठी दोन्ही चाकांना हळदीकुंकू लावून दोन्हीकडे एकेक माणूस उभा केला होता. एकाच बाजूला माणूस उभा केला तर फोटो लंगडा दिसेल, असं संचालकांचं म्हणणं पडलं. उद्घाटनाला आलेल्या पुढारी साहेबांनी शोभेचं बटण दाबलं. त्याच क्षणी दोन्ही चाकं फिरली. निवडण्याच्या खोलीत चार बायका होत्या. चौघीही गेल्या.

दोन चाकांवरच्या दोन माणसांपैकी एक होते पोपटराव, रंजनाचे यजमान आणि तोडकरांचे दाजी. उंच आणि पोक काढून चालणारे. दुसरा नेमिनाथ चौगुले, बुटका आणि रुंद खांद्यांचा. गेलेल्या चौघींमध्ये नेमिनाथची बायको पद्मा होती. दोघंही शपथेवर सांगत होते की मी उजव्या चाकावर होतो. दोनशे माणसं हजर होती. त्यांतल्या एकानंही पाहिलं नव्हतं, कारण साहेब बटण दाबत असताना साहेबांकडे पाठ करून उभं राहण्याची आपल्याकडे पद्धत नाही. एकटे साहेबच दोघांकडे तोंड करून होते. त्यांनी जबानीत सांगितलं, "मी जनतेकडे पाहत होतो. कुणा व्यक्तीकडे पाहण्याची माझी सवय नाही." पुढे दोन वर्षांनी ते वारले. खटला चालू राहिला.

"त्या दिवशी सकाळी तुझ्याकडे साहेबांचा फोटो आला होता, दोघं चाकांवर उभे राहिल्यावर काढलेला," रंजना म्हणाली. "संध्याकाळी स्मरणिका निघायची होती, म्हणून तू घाईनं शेवटच्या पानावर लावलास. तूच सांगितलं होतंस. साहेबांना चष्मा होता, दादा."

फाइल होती. तोडकर फाइली टाकत नसत. मूळ फोटो मात्र कुठेच नव्हता, कारण ते आलेल्याच प्रतीवर काम करून तीच जपत. फोटोग्राफरचा कॅमेरा त्या दिवशीच्या पळापळीत पायाखाली गेला होता. न छापलेल्या स्मरणिकेच्या शेहेचाळिसाव्या पानावर साहेब होते. छातीपर्यंतच कापलेले, डोक्यावर टोपी, अंगावर शाल, गळ्यात जाड हार, डोळ्यांवर जाड भिंगं.

"बघायचं?" तोडकरांनी विचारलं. "रंजे, एकदा बघितलं की बघितलं."

"चौदा वर्षं न बघता काढली की."

तोडकरांनी बाण धरला आणि ओढला. साहेब वळले. त्यांच्या पाठीपलीकडे माणसांचे धुरकट ठोकळे उभे राहिले, आणि त्यांच्याही मागे दोन भिंतींवर दोन चाकं. डाव्या चाकावर एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस होता. उजव्या चाकावर एक उंच आणि पोक काढलेला.

रंजनानं पदर तोंडात धरला. हुंदका आला तो हसण्यासारखा ऐकू आला. मग ती उठली, भावाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि घरी पळत गेली.

पुढचं सगळं चौदा वर्षांच्या मानानं झटपट झालं. सरकारी तज्ज्ञानं न्यायालयात पडद्यावर साहेबांना सात वेळा फिरवलं आणि सांगितलं की आकृत्यांची उंची आणि बांधा पाहता खात्री शंभरात त्र्याण्णव. नेमिनाथच्या वकिलांनी विचारलं, फोटोत फेरफार झालेला नाही कशावरून? तोडकर पिंजऱ्यात उभे राहिले. फोटो कापला का? कापला. उजळ केला का? केला. याखेरीज काही? "काही नाही," तोडकर म्हणाले, आणि त्यांनी तसं प्रतिज्ञापत्र सही करून दिलं. खोटं बोलल्याची त्यांना पुसटशीही शंका नव्हती.

नेमिनाथनं पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. न्यायाधीशांनी विचारलं, काही सांगायचंय? तो म्हणाला, "साहेब, मला वाटत हुतं मी तिकडं हुतो." त्यानं बोटानं दाखवलं, पण कुठे ते कुणाला नीट कळलं नाही. त्याला पाच वर्षं झाली. दाजी सुटले. रंजनानं गल्लीत पेढे वाटले नाहीत, कारण चार बायका गेल्या होत्या. पण तिनं घराला रंग दिला.

अपिलाला नव्वद दिवसांची मुदत होती. त्यातले पंच्याऐंशी दिवस तोडकर सुखात होते.

शहाऐंशीव्या दिवशी शिरगुप्पेबाई दुकानात आल्या. गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या यजमानांच्या पहिल्या पुण्यस्मरणाची पुस्तिका तोडकरांनी जुळवली होती. बाईंनी छापील पान टेबलावर ठेवलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"तोडकर, हे कोण?"

"बाई, सर."

"सरांचा भांग डावीकडे. चाळीस वर्षं मी या माणसासमोर बसून चहा प्यायलेय. हा भांग उजवीकडे आहे. हा माणूस आरशातला आहे. मी आरशातल्या माणसाशी लग्न केलेलं नाही."

तोडकर हसले. "त्याचं असं आहे बाई, हे पान डावं. सर फोटोत डावीकडे बघत होते, म्हणजे पानाच्या बाहेर. आमच्यात चेहरा पानाच्या आत बघणारा लागतो. बाहेर बघणारा चेहरा वाचणाऱ्यालाही घेऊन बाहेर जातो. मग आम्ही तो आरशासारखा फिरवून घेतो. छान दिसतं. कुणाला कळत नाही."

"मला कळलं."

"तुम्ही पहिल्या, बाई. बत्तीस वर्षांत. मी सगळ्यांनाच फिर..."

वाक्य तिथेच तुटलं. बाईंनी बघितलं तर तोडकरांच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी होतं, फक्त त्याच्या मागचा माणूस निघून गेला होता.

"पाणी देऊ का तोडकर?"

"पान बदलून देतो बाई," तोडकर म्हणाले. "उद्या या."

त्यांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि स्मरणिका उघडली. पान शेहेचाळीस. सम आकडा, म्हणजे डावं पान. साहेब उजवीकडे बघत होते, पानाच्या आत, अगदी व्यवस्थित. मूळ फोटोतही ते उजवीकडेच बघत असतील तर सगळं ठीक. डावीकडे बघत असतील, तर तोडकरांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटानं एक कळ दाबली असेल, आणि यंत्रघराच्या दोन भिंतींची अदलाबदल झाली असेल.

दाबली होती का?

त्यांनी डोळे मिटले. त्या सकाळचं सगळं आठवत होतं. पंख्याचा आवाज, टेबलावरची अर्धी भजी, संचालकांचा 'झालं का, झालं का' म्हणून तिसरा फोन. बोट तेवढं आठवत नव्हतं. माणूस दिवसातून किती वेळा पापणी लववतो हे जसं आठवत नाही, तसंच ते. न्यायालयात 'याखेरीज काही?' असं विचारल्यावर त्यांच्या मनात आलं नाही, ते उगाच नाही. फिरवणं त्यांच्या लेखी फेरफार नव्हताच. ती शिस्त होती.

मग ते खुणा शोधू लागले. शर्टाची बटणं? हाराखाली. खिसा? शालीखाली. घड्याळ? हात फोटोबाहेर कापलेले. भांग? टोपीखाली. तोंडाची ठेवण? त्या काळातले कॅमेरे फोटो काढतानाच चेहरा घोटून दोन्ही बाजू सारख्या करत. जुने फोटो ताडून बघावेत, तर तालुक्यातल्या प्रत्येक डीटीपीवाल्यानं साहेबांना आपापल्या पानाच्या सोयीनं वळवलं होतं. तीस वर्षांच्या सार्वजनिक जीवनात साहेबांना ठाम असा डावा गाल उरला नव्हता. यंत्रघर बघावं, तर ते पाडून बारा वर्षं झाली होती. आणि अभियंत्यानं वास्तुशास्त्राच्या सल्ल्यानं दार मधोमध ठेवून बाकी सगळं जोडीजोडीनं बांधलं होतं, त्यामुळे नकाशाही उलटा धरला तरी तोच. कोण कुठे उभं होतं ते लोकांना विचारावं, तर दोनशेपैकी निदान दीडशे जण आपण साहेबांच्या अगदी उजव्या हाताला होतो असं सांगत आले होते.

शेवटी तोडकरांनी साहेबांना आरशासारखं फिरवलं, आणि मग पाठीमागून. बाण त्यांनी थांबत थांबत ओढला, म्हणून साहेब अडखळत वळले.

डाव्या चाकावर एक उंच, पोक काढलेला माणूस होता. खात्री, शंभरात त्र्याण्णव.

दाजींच्या घराला नव्या रंगाचा वास येत होता. दाजी ओसरीवर पाय पसरून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. सुटल्यापासून त्यांचा पोक थोडा कमी झाला होता.

"या पाव्हणं! रंजे, तुझा वकील आला बघ. च्या टाक."

तोडकरांनी इकडचं तिकडचं काही बोलायचा प्रयत्न केला, पण त्यांच्याकडे इकडचं तिकडचं काही उरलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. पान डावं, चेहरा आत, बोट आठवत नाही. रंजना चहाचे कप घेऊन दारात उभी होती, ती तिथेच उभी राहिली.

"दाजी, मी तुम्हाला चौदा वर्षांत कधी विचारलं नाही. आज विचारतो. तुम्ही कुठल्या चाकावर होता?"

पोपटरावांनी हातातली शेंग खाली ठेवली. रागावतील असं वाटलं होतं, पण ते रागावले नाहीत. प्रामाणिकपणे आठवू लागले. ते बघणं तोडकरांना जास्त जड गेलं.

"श्रीरंगराव, खरं सांगू का? पहिली दोन-तीन वर्षं मला पक्कं ठाऊक हुतं. मग तारखांना जाऊन जाऊन, तेच तेच बोलून बोलून, ते पाठ झालं. पाठ झालेलं खरं असतंय का खोटं, ते कळत न्हाई. आता डोळं मिटलं की मला तुमचा फोटोच दिसतोय. त्यात मी उजवीकडं हाय. त्याच्या मागचं मला काय दिसत न्हाई."

"दादा," रंजना दारातून म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "चौदा वर्षं मी या माणसाला जेवायला वाढताना त्याच्या हाताकडे बघितलंय. हाच हात का, म्हणून. तू मला तीन महिने दिलेस, की हा हात नाही. मी यांना रंग निवडायला नेलं, दादा. आम्ही दुकानात भांडलो, पिवळा का निळा. इतक्या वर्षांत आम्ही साधं भांडलो नव्हतो."

"रंजे, पण नेमी आत बसलाय."

"तुला आठवतंय का, की तू फिरवलास?"

"नाही."

"मग चहा घे आणि जा."

त्यांनी चहा घेतला नाही. ती कप घेऊन आत गेली आणि आतून मोरीत चहा ओतल्याचा आवाज आला.

नव्वदाव्या दिवशी तोडकर एसटीनं जिल्ह्याच्या गावी गेले. न्यायालयाच्या आवारात फिरवलेल्या फोटोंच्या तक्रारींसाठी वेगळी खिडकी उघडली होती आणि तिथे बऱ्यापैकी रांग होती. खिडकीतल्या लिपिकानं त्यांना एक छापील अर्ज दिला. त्यावर दोनच चौकोन होते : 'पूर्वी फिरवले होते' आणि 'पूर्वी फिरवले नव्हते'.

"मला आठवत नाही, असा चौकोन कुठे आहे?"

"तसा नाही."

"पण खरं तेच आहे."

"असेल की हो," लिपिक सहानुभूतीनं म्हणाला. "पण चौकोन नाही. पहिल्यावर खूण केलीत तर फाइल आजच वर जाते, दुसरा माणूस आत येतो, पहिला सुटतो. दुसऱ्यावर केलीत तर आहे तसं. खिडकी पाचला बंद. मुदत आजची आहे तुमची, बघा."

तोडकर अर्जाची घडी खिशात घालून बाहेर आले. आपल्याला ठरवता येत नाही, तर ज्याचं आयुष्य आहे त्यालाच विचारावं, असं त्यांना वाटलं. तुरुंग दहा मिनिटांवर होता.

नेमिनाथ जाळीपलीकडे येऊन बसला. तो वाळला होता, पण चेहरा शांत होता. तोडकरांनी त्याला असं शांत कधीच पाहिलं नव्हतं.

"अण्णा, तुम्ही? बरं झालं आलासा. घरी सगळी बरी?"

तोडकरांनी नजर टेबलाकडे ठेवून सांगून टाकलं. नेमिनाथनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, "म्हणजे डावं उजवं हुतं?" आणि तोडकर म्हणाले, "होऊ शकतं."

"अण्णा, हितं आलो तवा पयले पंधरा दिवस मी म्हणत हुतो, यंत्र खोटं. मग वाटलं, यंत्राचं आणि माझं काय वाकडं हाय? मग एका सकाळी तोंड धुताना माझ्या हाताला ते चाक लागलं. गार. हळदीकुंकवानं जरा चिकट. डावीकडचं. मला आठवलं. समदं आठवलं. त्या दिवशी मी पद्मासाठी रडलो. त्याच्या आदी मी तिच्यासाठी रडलोच नव्हतो, अण्णा. चौदा वर्षं मी कोर्टासाठी रडत हुतो."

"नेमी, ते आठवणं कदाचित फोटोमुळं..."

"ऐका की. राजमती आली हुती मागल्या रविवारी." राजमती त्याची मुलगी. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. "ती माझ्याशी जेवायला चला, औषध घ्या, एवढंच बोलायची. तिला संशय हुता. बापाचा संशय घिऊन पोरीनं कसं जगायचं? मी तिला ह्या जाळीतनं सांगितलं, बाळ, मीच. चूक झाली माझ्या हातनं. तर ती लई बोलली मला. आईपायी शिव्या घातल्या. आणि मग जाळीत बोट घातलं, आन् माझ्या बोटाला लावलं. म्हणली, बाबा, आता निदान रागावता तरी येतंय."

त्यानं तोडकरांकडे पाहिलं.

"आता तुमी काय घिऊन आलाय? मी न्हाई, असं घिऊन आलाय का?"

"नाही. तसंही नक्की नाही."

"मग संशयच आणलाय की परत. त्यो आमच्यात हुता चौदा वर्षं. तुमच्या बहिणीकडं पण हुता. आता त्यांच्याकडं न्हाई, माझ्याकडं न्हाई, राजमतीकडं न्हाई. तुमच्या एकट्याकडं हाय. व्हय का न्हाई?"

"हो."

"मग तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, अण्णा. मला परत फिरवू नका."

वॉर्डरनं वेळ संपल्याची खूण केली. नेमिनाथ उठला, जाताना वळून म्हणाला, "जेवून जावा. स्टँडासमोर भजी चांगली मिळत्यात," आणि आत गेला.

तोडकर स्टँडवर आले तेव्हा साडेचार वाजले होते. समोर रस्त्यापलीकडे न्यायालयाचं आवार दिसत होतं आणि आवारातली ती खिडकी उघडी होती. रांगेत तीनच माणसं उरली होती. तोडकर भज्यांच्या गाड्यापाशी बाकावर बसले. रस्ता ओलांडायला त्यांना एक मिनिट लागलं असतं. ते उठायची वाट बघत होते. आपण उठणार, याविषयी त्यांना खात्री होती, कारण निरपराध माणूस तुरुंगात असण्याची शक्यता निम्मी आहे हे आता जगात फक्त त्यांच्याच मनात उरलं होतं, आणि असा माणूस उठतोच.

मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला भूक लागली आहे. चार दिवसांत पहिल्यांदा. छातीवरचं काहीतरी तुरुंगाच्या दारापाशीच उतरलं होतं. नेमिनाथनं नको म्हटलं, त्या क्षणी ते उतरलं होतं. ते काय होतं हे ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि ओळखल्यावर त्यांनी मान खाली घातली. त्यांना हायसं वाटलं होतं.

"काका, कांदाभजी?"

"दे."

भजी घशाखाली उतरू नये, निदान कडू लागावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पण ती गरम होती, कुरकुरीत होती, कांदा जरा करपलेला होता आणि वर तळलेली मिरची होती. तोडकरांनी प्लेट पुसून संपवली. पावणेपाच वाजले. समोर रांग संपली होती. खिडकीतला लिपिक हाताची घडी घालून रिकामा बसला होता, कुणी येतंय का बघत.

"अजून एक प्लेट," तोडकर म्हणाले.